कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीचा दावा आणि तुमची कैफियत

स. न. वि. वि.

ऑगस्ट २०१७ मध्ये मी एका बँकेकडून चार लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने घेतले. फेब्रुवारी २०२० पर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर गेले. नंतर टाळेबंदीत माझी नोकरी गेली आणि पुढचा एकही हप्ता भरता आला नाही. जानेवारी २०२१ मध्ये बँकेने संपूर्ण कर्ज एकरकमी फेडण्याची नोटीस पाठवली. ती माझ्याकडे आहे. वसुलीच्या फोनना कंटाळून ऑक्टोबर २०२२ मध्ये मी यूपीआयवरून पाच हजार रुपये पाठवले आणि ‘बाकीचे जमेल तसे देईन’ असा संदेश वसुली करणाऱ्या माणसाला केला. आता एका कंपनीने, जिचे नावही मी कधी ऐकले नव्हते, हे कर्ज डिसेंबर २०२३ मध्ये बँकेकडून विकत घेतल्याचे सांगून जून २०२५ मध्ये दिवाणी न्यायालयात ७,८६,००० रुपयांचा दावा लावला आहे. बेलिफाने समन्स देऊन बारा दिवस झाले. तीस दिवसांत लेखी म्हणणे द्यावे, असे त्यावर लिहिले आहे. माझे दीर म्हणतात की, ज्यांच्याकडून पैसे घेतलेच नाहीत त्यांना उत्तर देण्याची गरज नाही. मला महिना अठ्ठावीस हजार रुपये पगार आहे, घर भाड्याचे आहे. घेतलेले पैसे नाकारणे मनाला पटत नाही, पण एवढी रक्कम देणेही शक्य नाही. मला अटक होईल का? मी काय करावे?

— एक वाचक

ताई, सप्रेम नमस्कार.

समन्स मिळून बारा दिवस झाले आहेत, ही तुमच्या पत्रातील बाब मला सर्वाधिक निकडीची वाटते, म्हणून प्रथम तिच्याविषयीच लिहितो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशानुसार (संहितेतील नियमांच्या प्रकरणांना ‘आदेश’ म्हणतात) समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे लेखी म्हणणे, दाखल करायचे असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते; त्यानंतरही सर्वसाधारण दाव्यात न्यायालयाला थोडी मुभा उरते, परंतु ती अपवादात्मक परिस्थितीसाठी असते आणि तिच्या भरवशावर कोणी राहू नये. प्रतिवादी हजर झाला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. हजर झाला पण कैफियत दिली नाही, तर वादपत्रातील, म्हणजे वादीच्या लेखी दाव्यातील, मजकुराच्या आधारेच हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निकाल देणारा आदेश, होऊ शकतो. अशा वेळी समोरच्या कंपनीला तिची कागदपत्रे कोणी तपासून पाहणार आहे अशी काळजीच उरत नाही. तुमच्या दीरांनी आपुलकीने सल्ला दिला असेल, पण तो मानला तर तुमच्या बाजूने जे काही सांगण्यासारखे आहे, आणि ते बरेच आहे, ते न्यायाधीशांसमोर कधीच येणार नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, हे खरे. परंतु त्यासाठी तीस दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवावे लागते. ज्यांना समन्स हातात मिळाले आहे त्यांच्यापाशी असे कारण सहसा नसते.

अटकेची भीती मात्र आजच मनातून काढून टाका. कर्ज न फेडणे हा गुन्हा नाही आणि तुमच्यावर लावलेला दावा दिवाणी स्वरूपाचा आहे. पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत ऋणकोला, म्हणजे कर्जदाराला, दिवाणी कैदेत ठेवण्याची तरतूद संहितेत आहे, पण त्याच संहितेच्या कलम ५६ ने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करण्यास किंवा कैदेत ठेवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. फोनवर कोणी पोलीस पाठवण्याची भाषा करत असेल, तर त्याला कायद्याचा आधार नाही.

आता हातातील समन्स नीट वाचा. तीस दिवसांत लेखी म्हणणे मागितले आहे, त्या अर्थी हा सर्वसाधारण दावा दिसतो. तोच सदतिसाव्या आदेशाखालील संक्षिप्त दावा असता, तर दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागली असती आणि नंतर बचाव करण्याची परवानगी शपथपत्रासह स्वतंत्रपणे मागावी लागली असती. म्हणून समन्सचा नमुना आणि दाव्याचा प्रकार वकिलांकडून पहिल्याच भेटीत पक्का करून घ्या. दावा वाणिज्यिक म्हणून नोंदला गेला असेल, तर कैफियतीची अखेरची मर्यादा १२० दिवस आहे आणि ती ओलांडल्यावर कोणतीही सबब चालत नाही. मात्र तशा दाव्यात तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल, तर वादीने दाव्यापूर्वी मध्यस्थीची पायरी पूर्ण केलेली असणे सक्तीचे आहे. समन्ससोबत वादपत्राची आणि कागदपत्रांची प्रत मिळाली नसेल, तर ती न्यायालयातून लगेच मिळवा. दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक दाव्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर घातल्यास दावा कोणत्या तारखेला दाखल झाला, पुढची तारीख कोणती आणि आजवर कोणते आदेश झाले, हे तुम्हाला घरबसल्या दिसेल. दाखल झाल्याची तारीख वेगळी लिहून ठेवा, कारण तुमच्या बचावाचा मोठा भाग त्या एका तारखेवर अवलंबून आहे.

‘या कंपनीशी माझा करारच झालेला नाही’ हा मुद्दा अनेकांना प्रथम सुचतो, पण तो टिकत नाही. कर्ज ही बँकेची मालमत्ता असते आणि ती ऋणकोच्या संमतीशिवाय दुसऱ्याकडे सोपवता येते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १३० नुसार हस्तांतरकर्त्याने सही केलेल्या लेखाने असे हस्तांतर पूर्ण होते, मग ऋणकोला सूचना मिळालेली असो वा नसो. बँकांच्या थकीत कर्जांच्या वसुलीविषयीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीने, म्हणजे थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीने, असे कर्ज घेतले, की ती कंपनीच कर्ज देणारी समजली जाते. बँका आपापसांत कर्जखाती हस्तांतरित करू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात मान्य केले आहे. कंपनीने तुमचे कर्ज किती कमी किमतीत घेतले, हा प्रश्नही न्यायालयात उपयोगी पडत नाही. तडजोडीच्या बोलण्यात त्याला महत्त्व येते, पण हुकूमनाम्याची रक्कम त्यावरून ठरत नाही.

परंतु बँकेचा हक्क ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे त्या हक्काबरोबरची सर्व बंधनेही जातात, आणि तुमच्या बचावाचा पाया येथे आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचेच कलम १३२ सांगते की, हस्तांतराच्या वेळी ऋणकोला मूळ धनकोविरुद्ध जे जे आक्षेप घेता आले असते ते सर्व नव्या धनकोविरुद्धही घेता येतात. बँकेचा दावा मुदतबाह्य, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मुदतीनंतर लावलेला, ठरला असता, तर कंपनीचाही ठरतो. बँकेला करारात नसलेले शुल्क लावता आले नसते, तर कंपनीलाही लावता येत नाही. शिवाय बँकेला जे सिद्ध करावे लागले असते त्याखेरीज आणखी एक गोष्ट कंपनीला सिद्ध करावी लागते, ती म्हणजे नेमके तुमचे खाते तिच्याकडे आले आहे.

हे दाखवणे ऐकायला सोपे वाटते, पण व्यवहारात अशा दाव्यांची बाजू येथेच लंगडी पडते. बँका एकेका व्यवहारात खूप मोठ्या संख्येने खाती विकतात. असाइनमेंट डीड, म्हणजे हस्तांतराचा दस्त, एकच असते आणि कोणती खाती विकली हे त्याच्या परिशिष्टातील याद्यांवरून ठरते. दाव्यासोबत डीडची पहिली आणि शेवटची काही पाने जोडलेली असतात, मधले परिशिष्ट नसते, किंवा एखादाच सुटा तक्ता असतो ज्यावर कोणाची सही नसते आणि तो त्याच डीडचा भाग आहे हे कशावरूनही दिसत नाही. तुमचे नाव, खाते क्रमांक आणि थकबाकीची रक्कम त्या परिशिष्टात आहे का, परिशिष्टावर दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत का, ही रक्कम बँकेच्या जानेवारी २०२१ च्या नोटिशीतील रकमेशी जुळते का, हे तपासा. अशा कंपन्या पुष्कळदा एखाद्या ट्रस्टच्या विश्वस्त म्हणून खाती घेतात. दावा त्याच ट्रस्टच्या विश्वस्त या नात्याने लावला आहे की केवळ कंपनी म्हणून, हेही वादपत्राच्या शीर्षकात पाहण्यासारखे असते. मूळ डीडची तपासणी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. वादपत्रात उल्लेखलेला कोणताही दस्त दाखवण्याची नोटीस अकराव्या आदेशाखाली देता येते आणि वादीने टाळाटाळ केली तर न्यायालयाकडून आदेश मिळवता येतो. ही नोटीस कैफियतीच्या आधीच पाठवावी, असे माझे मत आहे, कारण कागद पाहून लिहिलेली कैफियत आणि अंदाजाने लिहिलेली कैफियत यांत फार फरक पडतो.

खातेउताऱ्याचेही तसेच आहे. कंपनीने जोडलेला उतारा बहुधा कर्ज विकत घेतल्याच्या दिवसापासून सुरू होतो आणि त्याची पहिलीच ओळ मोठ्या आरंभीच्या शिल्लक रकमेची असते. ती शिल्लक कशी झाली, त्यात मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, तुम्ही २०१७ ते २०२० या काळात भरलेले हप्ते कसे जमा झाले, याचा त्यातून काहीच बोध होत नाही. बँकेच्या वहीचा प्रमाणित उतारा पुरावा म्हणून थेट स्वीकारण्याची सवलत १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याने बँकांना दिली आहे. ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी ही त्या कायद्याच्या अर्थाने बँक नाही, म्हणून तिला मूळ बँकेने प्रमाणित केलेला उतारा आणावा लागतो. संगणकावरील नोंदींच्या छापील प्रतीसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही लागते. आणि हे सर्व असले तरी, केवळ हिशेबाच्या नोंदी एखाद्यावर देणे लादण्यास पुरेशा नसतात, हे तत्त्व साक्षीपुराव्याच्या कायद्यात जुन्या काळापासून आहे आणि नव्या अधिनियमातही कायम आहे. कंपनीतर्फे साक्ष देणारा अधिकारी बहुधा २०२३ नंतरच्या कागदांवरूनच बोलतो. २०१७ ते २०२१ या काळात त्या खात्यावर काय घडले याची त्याला स्वतःची माहिती नसते आणि उलटतपासात ते सहज उघड होते.

आता मुदतीच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या बाबतीत हाच प्रश्न निर्णायक ठरण्याची शक्यता आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

मुदत कायदा १९६३ नुसार विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. या कायद्याचे कलम ३ असे सांगते की, प्रतिवादीने मुद्दा घेतला नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे. मात्र हा मुद्दा न्यायालयाच्या लक्षात आपोआप येईल असे गृहीत न धरता तो कैफियतीत तारखांसह स्पष्टपणे मांडावा. तीन वर्षे कधीपासून मोजायची, हा यातील कळीचा भाग आहे. कंपनी वादपत्रातील ‘दाव्याचे कारण’ या परिच्छेदात तिला सोयीची तारीख घालेल, बहुधा तिने स्वतः २०२४ मध्ये पाठवलेल्या एखाद्या नोटिशीची. परंतु मुदत एकदा सुरू झाली की कर्ज दुसऱ्याच्या हाती गेले म्हणून ती थांबत नाही आणि नव्या मालकाच्या नोटिशीने ती पुन्हा सुरूही होत नाही.

तुमचा पहिला थकलेला हप्ता मार्च २०२० चा. तेथून सरळ मोजले तर मुदत मार्च २०२३ मध्ये संपली असे वाटेल, पण तसे लिहू नका. करोनाच्या काळातील अडचणी लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण काळ मुदतीच्या गणनेतून वगळला आहे. त्याखेरीज रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली होती. तुमच्या खात्याला ती लागू झाली असेल, तर पहिली थकबाकी मार्चऐवजी सप्टेंबर २०२० ची धरली जाईल. सुदैवाने तुमच्या बाबतीत या वेगवेगळ्या वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मार्च २०२० च्या आरंभी थकबाकी धरली, तर १५ मार्चपूर्वीचे थोडे दिवस आधीच खर्ची पडले आणि उरलेली मुदत १ मार्च २०२२ पासून पुढे चालून फेब्रुवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपली. थकबाकी सप्टेंबर २०२० ची धरली, किंवा जानेवारी २०२१ च्या नोटिशीने संपूर्ण कर्ज देय झाले असे धरले, तर दोन्ही तारखा वगळलेल्या काळातच येतात, तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून मोजायची आणि ती फेब्रुवारी २०२५ अखेर पूर्ण होतात. दावा जून २०२५ मध्ये दाखल झाला आहे.

बँकेची ती जुनी नोटीस येथे तुमच्या फार उपयोगाची आहे. कर्जाची मुदत ऑगस्ट २०२२ पर्यंत होती, तेव्हा प्रत्येक हप्ता आपापल्या तारखेला देय होता आणि जून २०२२ नंतरचे अखेरचे हप्ते तरी मुदतीत आहेत, असा युक्तिवाद कंपनी करू शकते. बँकेनेच जानेवारी २०२१ मध्ये हप्त्यांची सवलत संपवून सर्व रक्कम एकरकमी मागितली असेल, तर स्वतंत्र हप्ते उरलेच नाहीत, हे त्या नोटिशीवरून दाखवता येते. मूळ नोटीस आणि तिचे पाकीट, दोन्ही जपून ठेवा.

उरतो तो ऑक्टोबर २०२२ चा व्यवहार, आणि कंपनीची सारी भिस्त त्यावर असेल. मुदत चालू असताना ऋणकोने सही करून लेखी कबुली दिली, तर कलम १८ नुसार त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. मुदतीत अंशतः फेड केली, तर कलम १९ नुसारही तसेच होते. मात्र त्या फेडीची पावती फेड करणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याने सही केलेल्या लेखात असावी लागते. तुमचे पाच हजार मुदतीत दिलेले आहेत. ते कलम १९ मध्ये बसले, तर मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंत वाढते आणि जूनमधील दावा वेळेत ठरतो. यूपीआयच्या नोंदीत तुमचे हस्ताक्षर नाही आणि सहीही नाही, हा तुमच्या वकिलांचा मुख्य युक्तिवाद असेल, आणि तो कलमाच्या शब्दांवर आधारलेला आहे. ‘बाकीचे जमेल तसे देईन’ हा संदेश अधिक नाजूक आहे. त्यात रक्कम लिहिलेली नाही किंवा तो बँकेला न पाठवता वसुलीच्या माणसाला पाठवला, एवढ्याने त्याचे महत्त्व कमी होत नाही, कारण कबुलीत तपशील नसला आणि ती धनकोऐवजी दुसऱ्याला उद्देशून असली तरी चालते, असे कलम १८ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. कबुलीवर सही हवी, ही अट मात्र कायम आहे. ई-मेलने दिलेली कबुली न्यायालयांनी ग्राह्य धरल्याची उदाहरणे आहेत, म्हणून मोबाइलवरचा संदेश आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. वकिलांना तो संदेश जसाच्या तसा, मागच्यापुढच्या संभाषणासह दाखवा. तो पुसून टाकण्याचा मोह होईल, पण समोरच्याच्या फोनमध्ये तो असणारच, आणि पुसल्याचे उघड झाले तर तुमच्या इतर खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडेल.

वादपत्र वाचताना एक गोष्ट आवर्जून शोधा. मुदत वरवर पाहता संपलेली असेल, तर ती कोणत्या कारणाने वाढली हे वादीने वादपत्रातच सांगावे, असे सातव्या आदेशाचा नियम ६ सांगतो. त्या पाच हजारांचा किंवा संदेशाचा वादपत्रात उल्लेखच नसेल, तर ही उणीव कैफियतीत नेमकी दाखवा. न्यायालय वादीला नंतर नवे कारण मांडू देऊ शकते, म्हणून हा मुद्दा अभेद्य नाही, तरी वजनदार आहे. मुदतीचा प्रश्न तथ्य आणि कायदा या दोहोंत गुंतलेला असल्यामुळे दावा आरंभीच फेटाळला जाईल अशी अपेक्षा धरू नका. बहुधा न्यायालय तो निर्णयासाठीचा एक मुद्दा म्हणून ठरवील आणि त्यावर साक्षीपुरावा होईल.

घेतलेले पैसे नाकारणे मनाला पटत नाही, असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. तुम्हाला ते नाकारायचेच नाही. कैफियत प्रतिज्ञेवर द्यायची असते. कर्ज घेतले, हप्ते भरले, नोकरी गेली, पाच हजार दिले, हे सर्व जसे घडले तसे मान्य करा. सर्व मजकूर खोटा आणि खोडसाळ आहे असे एका वाक्यात उडवून लावणारी कैफियत अनेकदा पाहायला मिळते. ती कर्जदाराचे नुकसानच करते, कारण मोघम नकार हा कायद्याने नकारच समजला जात नाही आणि जे विधान विशिष्टपणे नाकारले नाही ते मान्य केले असे धरले जाते. वादपत्राचा प्रत्येक परिच्छेद घ्या. जे खरे ते मान्य करा. खोटे असेल ते नाकारा आणि खरे काय ते सांगा. हस्तांतराचा व्यवहार किंवा परिशिष्ट यांसारखी जी गोष्ट तुमच्या माहितीतील नाही, ती वादीने सिद्ध करावी असे म्हणून नाकारा. मुदतीचा बचाव घेणे यात अप्रामाणिक काही नाही. जुनी देणी वर्षानुवर्षे लटकत ठेवून, कागदपत्रे आणि आठवणी विरून गेल्यावर न्यायालयात आणू नयेत, हा कायद्याचाच विचार आहे. मुदतीने वसुलीचा मार्ग बंद होतो, मूळ देणे पुसले जात नाही, आणि दावा फेटाळल्यानंतरही पतनोंदीत त्या खात्याचा उल्लेख राहू शकतो. पुढे हात मोकळा झाल्यावर काही द्यावेसे वाटले, तर तो तुमचा स्वतंत्र निर्णय असेल.

मुदतीचा मुद्दा फसला तरी ७,८६,००० ही रक्कम जशीच्या तशी मान्य होण्याचे कारण नाही. बँकेचा व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालय व्यवहार पुन्हा उघडू शकत नाही, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१अ सांगते, म्हणून दर अन्यायकारक आहे अशी सर्वसाधारण तक्रार करून भागणार नाही. करारात कोणता दर होता, दंडव्याज लावण्याचे कलम होते का, दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवले का, हे प्रश्न विचारा. वाजवी भरपाईहून अधिक दंड वसूल करता येत नाही, हे करार कायद्याच्या कलम ७४ चे तत्त्व येथे लागू पडते. दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचे व्याज न्यायालयाच्या विवेकावर असते आणि निकालानंतर, व्यवहार व्यापारी स्वरूपाचा नसेल तर, ते द.सा.द.शे. सहा टक्क्यांहून अधिक देता येत नाही. तुमचे परिस्थितीविषयक म्हणणेही कैफियतीत असू द्या. पुरेशा कारणावरून हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा आदेश विसाव्या आदेशाच्या नियम ११ खाली न्यायालय देऊ शकते, पण तो निकालाच्या वेळीच मागावा. निकालानंतर त्याला कंपनीची संमती लागते.

पगाराबद्दल सांगायचे तर, हुकूमनामा झाला आणि कंपनीने दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली, तरी पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. भत्त्यांचा विचार बाजूला ठेवला, तर तुमच्या अठ्ठावीस हजारांपैकी एकोणीस हजारांना हात लागत नाही आणि जास्तीत जास्त नऊ हजार कापले जाऊ शकतात; तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिनेच. भविष्यनिर्वाह निधी, अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. दावा एकट्या तुमच्यावर असेल, तर घरातील इतरांच्या मालमत्तेवर तो हुकूमनामा चालत नाही.

तडजोडीचा निरोप येईल, कदाचित पहिल्या तारखेलाच. तडजोड करणे वाईट नाही, पण वकिलांनी मुदतीचा प्रश्न तपासेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका आणि शंभर रुपयेही पाठवू नका. मुदत संपलेले देणे फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन करार कायद्याच्या कलम २५ नुसार नवा आणि पूर्णपणे बंधनकारक करार ठरते, त्यामुळे हप्ते पाडून घेण्याच्या साध्या दिसणाऱ्या अर्जातून तुमचा सर्वात भक्कम बचाव हातचा जाऊ शकतो. पुढे बोलणी करायची ठरल्यास ती वकिलांमार्फत करा, ठरलेली रक्कम संपूर्ण देण्याच्या बदल्यात आहे असे शब्दांत लिहून घ्या, पैसे कंपनीच्या नावाच्या बँक खात्यातच भरा आणि तडजोड न्यायालयात दाखल करून त्यानुसार दावा निकाली काढून घ्या. लोकअदालतीत झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून तेथे घाईने होकार देऊ नका. न पेलणारे हप्ते स्वीकारण्यापेक्षा तडजोड न होता दावा न्यायालयात परत जाणे बरे.

वकिलांच्या फीची चिंता तुम्ही पत्रात बोलून दाखवलेली नाही, पण ती असणार. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. ज्या न्यायालयात दावा आहे त्याच आवारात तालुका विधी सेवा समितीचे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. उद्याच तेथे समन्स, वादपत्र, जानेवारी २०२१ ची नोटीस, २०१७ पासूनचे तुमच्या स्वतःच्या बँक खात्याचे उतारे, यूपीआयची नोंद आणि तो संदेश घेऊन जा आणि नेमून मिळणाऱ्या वकिलांना कैफियतीची तीस दिवसांची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा. तोवर वकील मिळाले नाहीत, तर समन्सवरील तारखेला स्वतः हजर राहा, न्यायाधीशांना विधी सेवेकडे अर्ज केल्याचे सांगा आणि मुदत वाढवून मागणारा लेखी अर्ज द्या.

तुमचा,
सल्लागार